घाटावरचा रोगी, घाटाखालचा डॉक्टर

कल्याणहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्याने माळशेज घाट चढून ओतूर, आळेफाटा, बेल्हे ही गावे मागे टाकली की आणखी एक लहानसा घाट लागतो. तो आणे घाट. या घाटात गुळंचवाडीजवळ ओढ्याच्या पाण्याने खडक कोरून तयार केलेला नैसर्गिक पूल आहे. भूगोलाच्या शिक्षकांनी मुलांना एकदा तरी दाखवावा असा तो आहे. घाट चढून वर आले की आणे गाव. आणे, पेमदरा, नळवणे, शिंदेवाडी ही पठारावरची गावे. जुन्नर तालुका म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे धरणे, ऊस आणि द्राक्षबागा येतात. पण हे पठार त्याच तालुक्यात असूनही पर्जन्यछायेत आहे आणि पाण्यासाठी कायम आभाळाकडे पाहणारे आहे. रंगदासस्वामींच्या पुण्यतिथीला येथे आमटी-भाकरीचा जो महाप्रसाद होतो, त्याची ख्याती दूरवर आहे.

या पठारावरच्या एखाद्या वस्तीवर रात्री कोणाला धाप लागली, लहान मुलाला आकडी आली, तर काय करायचे? उत्तर पिढ्यान्‌पिढ्या एकच आहे : घाट उतरायचा. आधी बैलगाडीने, मग मिळेल त्या ट्रकने, पुढे जीपने आणि २०१४ पासून १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने. वाहन बदलले, दिशा बदलली नाही. रोगी डॉक्टरकडे जातो. डॉक्टर रोग्याकडे क्वचितच येतो.

आता असे सांगितले जाते की घाट उतरण्याची गरज नाही. घरी बसून फोनवर डॉक्टरांशी बोला, ते पाहतील, औषध लिहून देतील. याला कोणी दूरवैद्यक म्हणतात, कोणी टेलिमेडिसिन. हे सगळे काल-परवा, करोनाच्या साथीत सुरू झाले असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. या कल्पनेचा इतिहास चांगला लांबलचक आहे, आणि त्यातला एक धागा थेट जुन्नर तालुक्यातून जातो. तो उलगडण्याआधी एक जुनी त्रयी आठवू या.

वाग्भटाने रोगपरीक्षेची तीन साधने सांगितली आहेत : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. रोग्याकडे पाहावे, त्याला हात लावून पाहावे, त्याला विचारावे. आजचा एम.बी.बी.एस. डॉक्टरही याहून वेगळे काही करत नाही. त्याच्या डोळ्यांना क्ष-किरणांची आणि हाताला स्टेथोस्कोपची जोड मिळाली आहे एवढेच. दूरवैद्यकाचा सारा इतिहास म्हणजे या तिहींपैकी कोणते साधन किती अंतर पार करू शकले याचा इतिहास आहे, असे आम्हाला वाटते.

सर्वांत आधी प्रवासाला निघाला तो प्रश्न. अठराव्या शतकात एडिंबरोमध्ये विल्यम कलन नावाचे प्रसिद्ध वैद्य होते. दूरदूरचे रोगी किंवा त्यांचे गावचे वैद्य त्यांना पत्राने लक्षणे कळवीत आणि कलन पत्रानेच उपचार सांगत. अशी हजारो पत्रे आजही जपून ठेवलेली आहेत. न पाहता औषध सांगणे आज आपल्याला धाडसाचे वाटेल, पण त्या काळी समोर बसलेल्या रोग्याचेही वैद्य फारसे अंग तपासत नसत. रोग्याने सांगितलेली हकिकत हाच निदानाचा मुख्य आधार होता, आणि हकिकत कागदावर मावते. १८१६ मध्ये पॅरिसमध्ये रेने लाएनेक यांनी कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावून हृदयाचे ठोके ऐकले आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. मग तापमापक आला, रक्ताची तपासणी आली. रोग्याचे शरीर डॉक्टरांसमोर असणे अपरिहार्य झाले. म्हणजे गंमत पाहा, वैद्यक जसजसे शास्त्रीय झाले तसतसे ते दुरून करणे अवघड होत गेले! पुढच्या दोनशे वर्षांची सारी यंत्रे ही एका अर्थी त्या कागदाच्या सुरळीने निर्माण केलेली अडचण दूर करण्याची खटपट आहे.

१८७६ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना दूरध्वनीचे पेटंट मिळाले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८७९ मध्ये, लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक हकिकत छापून आली. एका घरात रात्री मूल खोकू लागले. हा घशाचा घातक विकार तर नव्हे, अशी घरच्यांना भीती वाटली. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, मुलाला फोनजवळ धरा. खोकला ऐकून त्यांनी सांगितले की तो विकार हा नव्हे. डॉक्टरांची रात्रीची फेरी वाचली. या छोट्याशा प्रसंगात प्रश्नाच्या पलीकडचे काही घडले होते. रोग्याच्या शरीराचा आवाजच तारेवरून गेला होता.

आपल्याकडे मुंबईत पहिले दूरध्वनी केंद्र १८८२ मध्ये सुरू झाले. ते शहरासाठी होते.

यापुढचा टप्पा हॉलंडमधील लायडन शहरातला आहे. विलेम आइंटहोवेन यांनी हृदयातील सूक्ष्म विद्युत्प्रवाह नोंदवणारे यंत्र बनवले होते. आज हृदयालेख काढण्याचे यंत्र पिशवीत मावते. आइंटहोवेन यांचे यंत्र अडीचशे किलोंहून जड होते, त्यातील चुंबक थंड ठेवण्यासाठी पाणी खेळवावे लागे आणि ते चालवायला चार-पाच माणसे लागत. ते रुग्णालयात नेणे शक्य नव्हते, आणि गंभीर रोग्यांना प्रयोगशाळेत आणणे बरे नव्हते. दोन्ही इमारतींत अंतर सुमारे दीड किलोमीटर. आइंटहोवेन यांनी मधून दूरध्वनीची तार घेतली. रोगी रुग्णालयात मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत हातपाय बुडवून बसे आणि दीड किलोमीटरवर त्याच्या हृदयाचा आलेख उमटे. ही १९०५ सालची गोष्ट. यंत्र हलत नाही आणि रोगीही हलवता येत नाही, म्हणून संदेश हलवायचा, हा विचार येथे प्रथम स्वच्छपणे दिसतो.

हृदयालेखच आधी का पाठवता आला, हे वर्गात गणिताने समजावून सांगता येते. हृदयालेखातील चढउतार संथ असतात. बारा वाहिन्यांचा आलेख दहा सेकंद घेतला, दर सेकंदाला प्रत्येक वाहिनीच्या ५०० नोंदी केल्या आणि प्रत्येक नोंदीला २ बाइट दिले, तर एकूण १,२०,००० बाइट होतात. छातीच्या क्ष-किरण चित्रात समजा २,००० गुणिले २,५०० ठिपके आहेत आणि प्रत्येकाला २ बाइट लागतात; तर एक कोटी बाइट झाले. नव्वदीच्या दशकात दूरध्वनीच्या तारेवरून संगणक जोडण्यासाठी जो मोडेम मिळे, तो उत्तम स्थितीत सेकंदाला ३,६०० बाइट पाठवी. हृदयालेखाला सुमारे ३३ सेकंद आणि क्ष-किरण चित्राला पाऊण तास! तेवढ्यात लाइन तुटली तर पुन्हा पहिल्यापासून. मुलांना ही उदाहरणे सोडवायला दिली की नुसते 'नेटवर्क नाही' म्हणण्यापेक्षा त्यांना अधिक काही कळते.

तार जेथे पोचत नव्हती तेथे रेडिओ पोचला. १९२० च्या दशकात समुद्रातल्या जहाजांना किनाऱ्यावरचे डॉक्टर बिनतारी संदेशाने सल्ला देऊ लागले. पण खेड्यांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा प्रयोग ऑस्ट्रेलियात झाला. तेथील ओसाड मुलुखात एकेक घर शेजारच्या घरापासून मैलोगणती दूर. जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाच्या प्रयत्नांतून १९२८ मध्ये क्लोनकरी या गावी विमानातून जाणाऱ्या डॉक्टरांची सेवा सुरू झाली. पण डॉक्टरांना बोलवायचे कसे? वीज नव्हती. आल्फ्रेड ट्रेगर या तंत्रज्ञाने सायकलसारखे पेडल मारून चालणारा बिनतारी संच बनवला. गृहिणी पाय मारत मारत डॉक्टरांशी बोले.

मात्र बोलणे झाले तरी औषध कोठून आणायचे? म्हणून पुढे, १९४२ पासून, घरोघर औषधांच्या पेट्या देण्यात आल्या. पेटीतल्या प्रत्येक औषधाला क्रमांक. पुढे शरीराचे एक चित्रही दिले गेले, त्यात शरीराच्या भागांना क्रमांक. 'कोठे दुखते?' 'अमुक क्रमांकाला.' 'तमुक क्रमांकाची गोळी द्या.' एका गृहस्थाला नऊ क्रमांकाची गोळी घ्यायला सांगितली. ती संपली होती म्हणून त्याने पाच आणि चार अशा दोन गोळ्या घेतल्या, असा विनोद तिकडे सांगतात. विनोद सोडून देऊ. या पेटीत एक शहाणपण आहे. दुसऱ्या टोकाला नुसते यंत्र ठेवून भागत नाही. औषध, आणि दोघांना सारखीच कळणारी भाषा, हेही ठेवावे लागते.

आता जुन्नरकडे येऊ. नारायणगावाजवळ आर्वी नावाचे गाव आहे. १९७१ मध्ये येथे परदेशी दळणवळणासाठी उपग्रह भू-केंद्र सुरू झाले. पुढे विक्रम साराभाईंच्या स्मरणार्थ त्याला 'विक्रम' हे नाव देण्यात आले. सुमारे ३० मीटर व्यासाची त्याची तबकडी ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या इंटेलसॅट उपग्रहाकडे तोंड करून उभी होती. इतकी मोठी तबकडी कशाला, असा प्रश्न मुले नक्की विचारतील. त्या काळच्या उपग्रहांची शक्ती कमी, आणि एवढ्या अंतरावरून येणारा संदेश अतिशय क्षीण. तो गोळा करायला भांडे मोठे हवे. पुढे उपग्रह शक्तिमान झाले, अधिक कंप्रतेच्या लहरी वापरात आल्या, आणि रुग्णालयाच्या गच्चीवर मावेल एवढी तबकडी पुरू लागली.

आर्वीमुळे मुंबईचा व्यापारी लंडनशी बोलू लागला. तालुक्यातल्या बहुसंख्य वाड्यावस्त्यांवर मात्र तेव्हा फोनच नव्हता. ज्या तालुक्याच्या मातीतून आवाज अंतराळात जाऊन दुसऱ्या खंडात उतरत होता, तेथल्या माणसाला आळेफाट्याच्या डॉक्टरांना निरोप द्यायचा तर माणूस पाठवावा लागे. याचा दोष आर्वीला देण्यात अर्थ नाही. ते केंद्र त्यासाठी नव्हतेच. पण दूरचे आधी जोडले जाते आणि जवळचे मागे राहते, हे आपल्याकडे वारंवार घडले आहे. पितळखोऱ्याच्या लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वीच्या ब्राह्मी लेखांत एका राजवैद्याच्या दानाची नोंद आहे. त्या काळचा नामवंत वैद्यही राजाच्या नावानेच ओळखला जाई, हे लक्षात घेतले म्हणजे या सवयीचे वय कळते.

उपग्रहाचा उपयोग खेड्यातल्या रोग्यासाठी करण्याचा पहिला मोठा प्रयोग अमेरिकेच्या अलास्का प्रांतात झाला. हिवाळ्यात रस्ते नाहीत, लहरी रेडिओ कधी लागे कधी न लागे. १९७१ पासून तेथील खेड्यांतल्या आरोग्यसेविका उपग्रहामार्फत रोज ठरल्या वेळी डॉक्टरांशी बोलू लागल्या. पुढे १९७४ मध्ये एटीएस-६ हा उपग्रह वर गेला आणि आवाजाबरोबर चित्रही जाऊ लागले. आता दर्शनही प्रवासाला निघाले! पण अनुभव असा आला की बहुतेक वेळा चित्रामुळे निर्णयात फारसा फरक पडत नसे. खात्रीने रोज ऐकू येणारा आवाज आणि पलीकडे शिकलेली सेविका, यांनीच बरेचसे काम होई.

हाच एटीएस-६ उपग्रह १९७५ मध्ये सरकवत पूर्वेकडे, केनियाच्या माथ्यावर आणण्यात आला आणि एक वर्षासाठी भारताच्या हाती आला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शिक्षण यांचे दूरदर्शन कार्यक्रम थेट उपग्रहावरून दाखवले गेले. 'साइट' नावाने तो प्रयोग प्रसिद्ध आहे. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या तीन मीटरच्या तबकड्या खेड्यात उभ्या राहिल्या. प्रयोगाची धुरा वाहणाऱ्यांत मूळचे कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता.

आम्हाला या प्रयोगाबद्दल आदर आहे, पण एक फरक नोंदवलाच पाहिजे. तोच उपग्रह अलास्कावर होता तेव्हा खेडे डॉक्टरांना विचारू शकत होते. भारतावर आला तेव्हा खेडे फक्त ऐकू आणि पाहू शकत होते. अतिसार झालेल्या मुलाला काय द्यावे हे पडद्यावर सांगितले जाई. 'माझ्या मुलाला दोन दिवसांपासून आहे, आता काय करू?' हे विचारण्याची सोय नव्हती. वाग्भटाच्या तिहींतले पहिले दूर गेलेले साधन, प्रश्न, तेच येथे सुटले होते.

प्रश्न विचारण्याची सोय आली ती आरोग्य खात्याकडून नव्हे, टेलिफोन खात्याकडून. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने धूळ आणि उष्णता सोसणारी, वातानुकूलन न लागणारी १२८ जोडण्यांची ग्रामीण केंद्रे बनवली. पहिले १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला बसले. पाठोपाठ पिवळ्या पाट्यांची एसटीडी-पीसीओ दुकाने फाट्याफाट्यावर उभी राहिली. मुंबईच्या भाजीबाजारात हमाली करणारा मुलगा फाट्यावरच्या दुकानात फोन करून आईच्या तब्येतीची चौकशी करी, आणि आपल्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारून गोळीचे नाव सांगे. याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. पण दूरवैद्यकाचा खरा लोकप्रवेश येथे झाला असे आम्ही मानतो.

अधिकृत इतिहास २००० पासून सांगतात. त्या वर्षी मार्चमध्ये आंध्र प्रदेशातील अरगोंडा या खेड्यातले रुग्णालय उपग्रहाद्वारे शहरातल्या तज्ज्ञांशी जोडले गेले. २००१ पासून इस्रोने अशी रुग्णालये जोडण्याचा कार्यक्रम हाती घेतला. महाराष्ट्रातही मुंबईचे केईएम रुग्णालय मध्यवर्ती धरून नंदुरबार, सिंधुदुर्ग यांसारख्या जिल्ह्यांची रुग्णालये जोडण्यात आली. मात्र हे सारे रुग्णालय ते रुग्णालय होते. आण्याच्या रोग्याला घाट उतरून जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत जावेच लागणार, आणि तेथे गेल्यावर पडद्यावर आणखी दूरचा डॉक्टर दिसणार. हृदयरोगासारख्या गोष्टींत त्याचा फायदा निश्चित होता. पण तबकडी, कॅमेरा आणि खोली तयार असली तरी दोन्ही टोकांचे डॉक्टर एकाच वेळी मोकळे असणे हा खरा प्रश्न होता. यंत्रे विकत घेता येतात, डॉक्टरांचा वेळ तसा घेता येत नाही.

एव्हाना मोबाइल फोन घरोघर गेला होता आणि डॉक्टर-रोगी फोनवर बोलतच होते. ते कायदेशीर आहे की नाही हे मात्र कोणालाच नीट ठाऊक नव्हते. २०१८ मध्ये रत्नागिरीच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांचा अटकपूर्व जामीन अर्ज फेटाळला. बाळंत झालेल्या स्त्रीला त्रास होऊ लागला, डॉक्टर गावी नव्हते, फोनवरून औषध सांगितले गेले. पुढे तिचा मृत्यू झाला. निदान न करता औषध देणे हा गंभीर निष्काळजीपणा ठरू शकतो असे न्यायालयाने म्हटले. महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी याचा असा अर्थ घेतला की फोनवर औषध सांगणेच गुन्हा. अनेकांनी फोनवर बोलणे बंद केले. एका मृत्यूने उभा केलेला प्रश्न खरा होता, आणि त्याने घाबरलेल्या डॉक्टरांच्या मौनाने दूरच्या रोग्याचे नुकसान होणार हेही खरे होते.

ही कोंडी साथीने फोडली. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि त्याच तारखेला केंद्र सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. शिक्षकांनी ती जाणून घ्यावीत अशी आहेत. पॅरासिटामॉल, जलसंजीवनी अशी साधी औषधे कोणत्याही माध्यमातून सांगता येतात. काही औषधे पहिल्या भेटीत केवळ चेहरा दिसत असेल तरच. काही फक्त आधी प्रत्यक्ष तपासलेल्या रोग्यालाच पुढे चालू ठेवायची. गुंगीची आणि व्यसन लावणारी औषधे अजिबात नाहीत. रोगी तातडीच्या अवस्थेत असेल तर प्रथमोपचार सांगून त्याला रुग्णालयात पाठवायचे. आणि फोनवर हे जमणार नाही असे वाटले तर नाही म्हणण्याचा अधिकार डॉक्टरांना आहे. औषधांची ही प्रतवारी पाहताना आम्हाला त्या ऑस्ट्रेलियन पेटीची आठवण झाली.

१३ एप्रिल २०२० रोजी 'ई-संजीवनी'ची घरबसल्या सल्ला देणारी सेवा सुरू झाली. तिची आधीची शाखा, म्हणजे उपकेंद्रातून मोठ्या डॉक्टरांशी बोलण्याची सोय, २०१९ मध्येच सुरू झाली होती. फेब्रुवारी २०२३ पर्यंत दोन्ही मिळून दहा कोटी सल्ले दिले गेले. सल्ला घेणाऱ्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. ज्या बाईला दवाखान्यात जायला नवऱ्याची सवड, सासूची परवानगी आणि मजुरीचा एक दिवस, हे तिन्ही लागते, तिला घर न सोडता विचारता येणे ही साधी गोष्ट नव्हे.

पण मर्यादाही पाहिल्या पाहिजेत, आणि त्यासाठी जुन्नरइतके चांगले उदाहरण नाही. शेतीपंपांची वीज अनेकदा रात्री येते. शेतकरी काळोखात पाणी धरायला जातो. एकीकडे बिबट्या, दुसरीकडे साप. मण्यार चावली तर वेदना फारशी नसते, खूण दिसेलच असे नाही. काही तासांनी पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, श्वास घेता येईनासा होतो. पापण्या पडलेला चेहरा डॉक्टर मोबाइलच्या पडद्यावर ओळखतील, पण प्रतिविष पडद्यातून देता येत नाही. ते शिरेतून, रुग्णालयात, प्रतिक्रिया आली तर सावरण्याच्या तयारीनेच द्यावे लागते. येथे फोनवरचा उत्तम सल्ला एकच : कापू नका, आवळून बांधू नका, चावलेला भाग हलवू नका, आत्ताच्या आत्ता निघा. विंचवाचे थोडे निराळे आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या गोळीचा उपयोग दाखवून दिला. १९८६ मध्ये त्यांचे लेखन 'लॅन्सेट'मध्ये आले. गोळी तोंडाने घ्यायची असल्यामुळे तज्ज्ञाने फोनवर सांगितले तर प्राथमिक केंद्रातला तरुण डॉक्टरही उपचार सुरू करू शकतो. कोणते ज्ञान तारेवरून जाते आणि कोणते जात नाही, हे केवळ यंत्रावर नव्हे, औषधाच्या रूपावरही अवलंबून असते.

राहिले स्पर्शन. पोट कडक आहे की मऊ, सूज दाबल्यावर खळगा पडतो का, बाळ थंडगार लागते का, हे पडद्याला कळत नाही. यावर महाराष्ट्राने जे उत्तर शोधले त्यात उपग्रह कोठेच नाही. १९७० पासून जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्याचे काम शिकवले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत स्त्रियांना नवजात बाळ तपासायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि घरीच इंजेक्शन द्यायला शिकवले. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. हीसुद्धा घरी मिळालेली वैद्यकीय सेवाच. फरक इतकाच की येथे डॉक्टरांचा आवाज दूरवर नेला नाही, डॉक्टरांचे हात गावात तयार केले. आज उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी किंवा गावची आशाताई रक्तदाब मोजते, पोट दाबून पाहते आणि मग पडद्यावरच्या डॉक्टरांना सांगते, तेव्हा अलास्का आणि जामखेड एकत्र येतात. रक्तदाब, मधुमेह, क्षयाची चालू औषधे यांसाठी आण्याच्या म्हाताऱ्या माणसाला दर महिन्याला घाट उतरायला लावू नये, हे अशा जोडीने सहज साधेल. ही जोडी सोडून नुसता फोन दिला, आणि 'आता फोन आहे ना' म्हणून रिकाम्या जागा रिकाम्याच ठेवल्या, तर पठाराच्या हाती आधी होते त्याहून कमी उरेल. ही भीती आम्हाला वाटते, लपवण्यात अर्थ नाही.

जाता जाता तालुक्यातल्या आणखी एका गोष्टीचा उल्लेख करतो. आर्वीपासून जवळच खोडदला महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात पसरलेल्या. प्रा. गोविंद स्वरूप यांनी हे ठिकाण निवडले, कारण डोंगरांच्या आडोशामुळे येथे रेडिओ गोंगाट कमी. हा शांतपणा टिकावा म्हणून आसपासच्या प्रेक्षेपकांवर नियमन असते. दूरच्या दीर्घिकांचे कुजबुजणे ऐकायला शांतता हवी, आणि वस्तीवरच्या आजीला डॉक्टरांशी बोलायला मोबाइलचा मनोरा हवा! दोन्ही मागण्या रास्त आहेत. कंप्रतांचे पट्टे वाटून, मनोऱ्यांच्या दिशा आणि शक्ती ठरवून दोन्ही भागवता येतात. नववी-दहावीच्या मुलांना विद्युतचुंबकीय वर्णपट शिकवताना यापेक्षा जवळचे उदाहरण मिळणार नाही.

वर्गात करण्याजोगे दोन प्रयोग सुचवतो. पहिला उपग्रहाचा. वर जाऊन खाली येण्याचे अंतर ७२,००० किलोमीटर. प्रकाशाच्या वेगाने भागले की ०.२४ सेकंद. म्हणजे प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत सुमारे अर्धा सेकंद नुसता प्रवासात जातो. दोन मुलांना बोलायला लावा आणि प्रत्येकाने ऐकल्यावर अर्धा सेकंद थांबून उत्तर द्यावे असे सांगा. पाच मिनिटांत दोघे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात. दुसऱ्या प्रयोगात दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवा. एकाच्या हातात पुरळ उठलेल्या हाताचे चित्र द्या, दुसऱ्याजवळ कोरा कागद. पहिल्याने स्वतःहून काही सांगायचे नाही. दुसऱ्याने प्रश्न विचारून विचारून चित्र काढायचे. मग चित्रे शेजारी ठेवून पाहा आणि किती प्रश्न लागले ते फळ्यावर लिहा. दुसऱ्या दिवशी त्याच जोड्यांना पुन्हा बसवा. बहुतेक वेळा प्रश्नांची संख्या कमी होते आणि चित्र अधिक जमते.